'असतो'ला इंग्रजीत काय म्हणतात

पहिल्या सेमिस्टरला मी एका ब्लॅक मुलीच्या चार पानी इंग्रजी निबंधात 'बी' हा शब्द ११ वेळा गोल केला होता. आकडा पक्का लक्षात आहे कारण नंतर मी ते गोल मोजले. निबंध तिच्या आजीवर होता, पहिलंच वाक्य 'माय ग्रॅनी बी अप बिफोर द सन', आणि मी 'बी' खोडून वर 'इज' लिहिलं, पुढच्या ओळीत परत, मग परत, शेवटी शेवटी तर कंटाळून नुसतेच गोल. पेन हिरवं होतं. टीए, म्हणजे टीचिंग असिस्टंट, लोकांच्या ट्रेनिंगमध्ये सांगितलेलं की लाल वापरू नका, मुलं धसका घेतात. हिरव्यानं काय फरक पडतो ते मला अजून कळलेलं नाही.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी, इथे अमेरिकेत कॉलेजच्या पहिल्या वर्षाला इंग्रजी लेखनाचा एक कोर्स जवळपास सगळ्यांनाच करावा लागतो, पुढे इंजिनिअर व्हायचं असो नाहीतर नर्स. हार्वर्डनं १८८५ मध्ये पहिल्या वर्षाला हे लावलं, मग बाकीच्यांनी उचललं. शिकवायला मात्र मोठे प्रोफेसर फारसे येत नाहीत, आमच्यासारखे पीएचडी करणारे टीए असतात नाहीतर आपल्याकडच्या तासिका तत्त्वासारखे घेतलेले लोक. माझ्या वर्गात २२ जण, त्यातले १४ ब्लॅक, आणि समोर मी, यवतमाळ जिल्ह्यातून आलेली, 'व्ही' आणि 'डब्ल्यू' एकच उच्चारणारी बाई, त्यांना इंग्रजी शिकवायला. यातला विनोद त्यांना पहिल्या दिवशीच कळला होता, मला जरा उशिरा कळला.

तर ती निबंधवाली मुलगी ऑफिस अवर्सला, म्हणजे मुलांनी येऊन भेटायच्या वेळेत, आली. आमचं ऑफिस म्हणजे बेसमेंटमधली खोली, चौघांत दोन टेबलं आणि एक खुर्ची अशी की जरा रेललं की कण्हते. तिनं कागद टेबलावर ठेवला, हातानं सपाट केला आणि अगदी शांतपणे म्हणाली, मिस, मला 'इज' येतं. 'इज' म्हणायचं असतं तर 'इज'च लिहिलं असतं ना.

मी विचारलं मग काय म्हणायचंय. ती थोडा वेळ शब्द शोधत राहिली. म्हणाली, 'इज' लिहिलं तर असं वाटतं की ती आत्ता उठलेली आहे. आज. मला आजचं नाही सांगायचं. मी म्हटलं मग 'ऑलवेज' घाल. तर म्हणे ऑलवेज पण नाही, ऑलवेज म्हणजे जरा कौतुक केल्यासारखं होतं, शी बी अप म्हणजे शी बी अप. मी मान डोलावली, 'अगं पण फॉर्मल लिहिताना...' वगैरे जे सगळे म्हणतात ते म्हटलं, आणि तिनं कागद घडी करून बॅगेत टाकला.

त्याच संध्याकाळी, म्हणजे घरी पहाट, आईचा फोन. मी विचारलं बाबा काय करताहेत. ओट्यावर बसलेत. एवढ्या थंडीत? मग आई म्हणाली, 'अगं ते रोजच बसलेले असतात.'

बसलेत. बसलेले असतात.

मी बसमध्ये होते, खिडकीबाहेर बर्फ, आणि मला एकदम घाम फुटल्यासारखं झालं. 'तो आजारी आहे' आणि 'तो आजारी असतो' यातला फरक चौथीतल्या पोरालाही कळतो, आपल्याला तो कुणी शिकवावाही लागत नाही. त्या मुलीच्या ब्लॅक इंग्लिशमध्ये, म्हणजे इथले ब्लॅक लोक घरी जी इंग्रजी बोलतात तिच्यात, 'ही सिक' म्हणजे आजारी आहे, 'ही बी सिक' म्हणजे आजारी असतो. वर्गातल्या प्रमाण इंग्रजीत यासाठी वेगळं क्रियापदच नाही, 'युज्वली', 'ऑलवेज' असली ठिगळं लावावी लागतात. म्हणजे त्या मुलीकडे 'असतो' होता आणि मी, जिच्या मातृभाषेत तो आहे, तिनं तो ११ वेळा खोडला होता.

नंतर वाचायला घेतलं आणि जे सापडत गेलं ते सगळं कुठेतरी ओळखीचं वाटायला लागलं. लहान मुलांवर केलेला एक प्रयोग आहे, त्यांना टीव्हीवरच्या कुकी मॉन्स्टरचं चित्र दाखवतात, तो आजारी पडून अंथरुणात आहे आणि शेजारी एल्मो कुकीज खातोय. 'हू इज ईटिंग कुकीज' विचारलं तर सगळी मुलं एल्मोच सांगतात. पण 'हू बी ईटिंग कुकीज' विचारलं की ब्लॅक मुलं बहुतेक कुकी मॉन्स्टर म्हणतात, कारण कुकीज खात असतो तो, आज फक्त बिचारा आजारी आहे. मी हेच चित्र वर्गात लावलं. वर्ग उभा दोन भागांत फाटला आणि मग जी भांडणं लागली ती सोडवायला मला दहा मिनिटं लागली. एक गोरा मुलगा, अगदी प्रामाणिकपणे, 'पण प्रश्न तर तोच आहे ना?' म्हणत राहिला आणि मागचे पोरं डोक्याला हात लावून हसत होते. आयुष्यात पहिल्यांदा व्याकरणात नापास व्हायची पाळी त्याची होती.

असंच ते 'बिन'. 'शी बिन मॅरिड', आणि 'बिन'वर जोर. नवख्या माणसाला वाटतं लग्न झालं होतं, आता मोडलं असेल. अर्थ बरोब्बर उलटा आहे, तिचं लग्न कधीचंच झालंय आणि अजून आहे. आपला 'कधीचंच', दुसरं काही नाही. आणि 'शी माय सिस्टर' यात 'इज' गाळतात त्याला आळस म्हणतात लोक, आपण 'ही माझी बहीण' म्हणतो तेव्हा 'आहे' कुठे जातं? शिवाय ते गाळणंही वाटेल तिथे नाही. विल्यम लाबोव्ह या भाषाशास्त्रज्ञानं १९६०च्या दशकात न्यूयॉर्कच्या हार्लेममधल्या पोरांचं बोलणं रेकॉर्ड करून दाखवून दिलं की प्रमाण इंग्रजीत जिथे 'इज' आखडता येतो, म्हणजे 'शी इज'चं 'शीज' करता येतं, तिथेच हे लोक तो गाळतात, वाक्याच्या शेवटी आला की कुणीही गाळत नाही. मनमानी म्हणतात ती ही अशी.

आता माझी भानगड सांगते. माझे बाबा जिल्हा परिषदेच्या शाळेत मास्तर होते. शाळेत तांड्यावरची मुलं यायची, कोलाम पोडावरची यायची, घरी गोरमाटी नाहीतर कोलामी बोलणारी, आणि वर्गात बाबा त्यांना 'पाणी, पानी नाही, परत म्हण' करायचे. वाईट माणूस नव्हे हां, खिशातून पाट्या घेऊन देणारा माणूस. मी त्याच वर्गात बसायचे आणि मला ते म्हणता यायचं म्हणून खूष असायचे. बाहेर मैत्रिणींत मात्र आमची वऱ्हाडीच, 'मले', 'तुले', 'काय करून राहिली वं'. मग एमएला पुण्याला गेले आणि हॉस्टेलच्या मुली म्हणायच्या, ए ते म्हण ना परत, ते 'करून राहिली', किती क्यूट. सहा महिन्यांत मी ते घासून काढलं. दिवाळीला गावी आले तर मैत्रीण म्हणाली, पुन्याची झाली वं तू. त्यात कौतुक होतं की टोमणा ते मी तिला विचारलं नाही.

हे मी वर्गात सांगितलं एकदा. मागून प्रश्न आला, म्हणजे तुमचं पण सेमच? आणि बरं झालं विचारलं, कारण मी त्याच उताराला लागले होते. सेम नाही. मला हसले, बस. इथे जॉन बॉ म्हणून एक भाषाशास्त्रज्ञ आहेत, त्यांनी आणि सहकाऱ्यांनी १९९०च्या दशकात कॅलिफोर्नियात घरमालकांना फोन लावले, वाक्य तेच, फक्त बोलायची ढब तीन प्रकारची. गोऱ्या वस्तीत ब्लॅक ढबीच्या आवाजाला घर बघायला या असं सांगणारे खूपच कमी निघाले. माझ्या 'मले'नं मला घर नाकारलं नाही, माझ्या आडनावाला तर त्याहून नाही. बाबांच्या शाळेतल्या कोलाम पोराची गोष्ट कदाचित जास्त जवळची असेल, पण ती मी सांगायची गोष्ट नाही.

जिनिव्हा स्मिदरमन या विषयातली मोठी बाई. डेट्रॉइटमध्ये कॉलेजला असताना शिक्षिका व्हायचं म्हणून त्यांना बोलण्याची परीक्षा द्यावी लागली आणि त्यात नापास करून चक्क स्पीच थेरपीला पाठवलं, म्हणजे तोतरेपणावर जातात तसं, का तर बोलणं घरच्यासारखं. पुढे हीच बाई १९७४ च्या ठरावामागच्या लोकांत होती. कॉलेजात लेखन शिकवणाऱ्यांच्या राष्ट्रीय संघटनेनं तेव्हा ठराव केला की विद्यार्थ्याला त्याच्या स्वतःच्या भाषेचा हक्क आहे. आणि १९७९ मध्ये मिशिगनमधल्या ॲन आर्बरच्या केसमध्ये तज्ज्ञ म्हणून मुलांच्या बाजूनं उभ्या होत्या त्याही याच. शाळेचं नाव मार्टिन ल्यूथर किंग, आणि तिथल्या गरीब ब्लॅक मुलांना त्यांच्या बोलीपायी मंदबुद्धी वगैरे ठरवत होते. कोर्टानं सांगितलं की मुलांची घरची भाषा काय आहे ते आधी शिक्षकांना शिकवा. बऱ्याच लोकांना वाटतं कोर्टानं ब्लॅक इंग्लिश शिकवायला सांगितली, तसं काही नव्हतं. त्याच वर्षी जेम्स बाल्डविन या ब्लॅक लेखकानं न्यूयॉर्क टाइम्समध्ये ही भाषा नसेल तर मग भाषा म्हणजे काय ते सांगा असा लेख लिहिला. आणि तरीही १९९६ ला कॅलिफोर्नियातल्या ओकलंडच्या शाळा बोर्डानं ही भाषा मानायची असा ठराव केला तेव्हा देशभर त्यांची टिंगल झाली. भाषाशास्त्रज्ञांच्या संघटनेनं महिन्याभरात पाठिंबा दिला, पण जोक आधी पोचतात.

मग मी कोर्स बदलला, माझ्या हातात जेवढा होता तेवढा. फेब्रुवारीत ब्लॅक हिस्टरी मंथची एक कविता आणि मार्चमध्ये परत कॉमा, हे नको होतं. पहिला निबंध आपण वाचायला-लिहायला कसं शिकलो यावर असतो, त्याआधी गुलामीतून सुटून लेखक झालेल्या फ्रेडरिक डग्लसचं आत्मचरित्र वाचायला दिलं. गुलाम असताना बाल्टिमोरच्या गोदीत तो जहाजाच्या लाकडांवर सुतारांनी लिहिलेली अक्षरं बघून गिरवायला शिकला, रस्त्यावरच्या गोऱ्या पोरांना पाव देऊन धडे घेतले. हे वाचल्यावर पोरांनी शाळेबद्दल कमी आणि बाकी जास्त लिहिलं. न्हाव्याच्या दुकानातली वादावादी, चर्चमध्ये आठव्या वर्षी माइकवर वाचलेली सूचना, मावशीच्या केस विणायच्या दुकानात पाच तास बसून ऐकलेल्या गोष्टी. काही निबंध फार सुंदर होते. काही नुसतेच पसरट होते, हेही सांगते. मुद्दा तिसऱ्या पानावर येतो ही एक कथनाची रीत असू शकते आणि आदल्या रात्री दोनला लिहायला बसल्याचा परिणामही असू शकतो, आणि यातलं कुठलं काय हे ओळखणं हेच माझं काम, त्याला शॉर्टकट मला सापडला नाही.

न्हाव्याच्या दुकानावरचा निबंध त्या पोरानं मोठ्यानं वाचला तेव्हाची गोष्ट. तो वाचतोय आणि वर्गातनं 'म्म्हम्म', 'राइट, राइट', 'से दॅट'. मी मास्तरांची मुलगी, हात वर केला आणि शांत बसा म्हटलं. सगळे बसले. आणि तो अडखळायला लागला. वाचतावाचता त्याचा आवाजच बसत गेला, दोन परिच्छेदांत तो पार कागदात तोंड घालून पुटपुटायला लागला. मला तेव्हा गावचं कीर्तन आठवलं, बुवा विठ्ठल विठ्ठल म्हणवून घेतात आणि समोरून आवाज नीट आला नाही तर पुढेच जात नाहीत, जेवला नाहीत का म्हणून विचारतात. श्रोत्यांनी गप्प बसायचं असतं असं मला कुणी आणि कधी शिकवलं? मी म्हटलं सॉरी, पहिल्यापासून वाच, आणि तुम्ही करा काय करायचं ते. दुसऱ्यांदा वाचताना त्यानं कागदावर नसलेली तीन वाक्यं घातली, आणि तीच सगळ्यात चांगली होती. घरी जाऊन लिहून आण म्हटलं. आणली, पण दोनच. तिसरं त्यालाही आठवेना.

जून जॉर्डन ही कवयित्री न्यूयॉर्कमधल्या स्टोनी ब्रूकला शिकवायची, तिनं १९८५ मध्ये तिच्या एका वर्गाबद्दल लिहिलंय. ब्लॅक इंग्लिशमध्ये लिहिलेली कादंबरी दिली तर तिचे ब्लॅक विद्यार्थीच म्हणाले ही भाषा कागदावर बरोबर दिसत नाही. माझ्याही वर्गात अगदी हेच झालं, 'ही बाई शिकलेली नाही का' असं विचारणारी मुलगी स्वतः तसंच बोलत होती. जॉर्डनच्या वर्गानं मग मिळून आपल्या भाषेचे नियम काढले, आणि त्यातला एक मला फार आवडतो, की या भाषेत कर्मणी वाक्य होत नाही. करणाऱ्याचं नाव घ्यावंच लागतं. पुढे त्या वर्गातल्या एका मुलाचा भाऊ पोलिसांच्या गोळ्यांनी मेला आणि वर्गानं निषेधाची पत्रं लिहायची ठरवली, प्रश्न हा की कुठल्या इंग्रजीत. आपल्या भाषेत लिहिलं तर कुणी छापणार नाही हे माहीत असून त्यांनी आपली भाषा निवडली. आणि छापलं नाहीच.

मी तो नियम फळ्यावर लिहिला आणि त्याखाली देवनागरीत दोन वाक्यं लिहिली, 'त्याला गोळी लागली' आणि 'त्याला गोळी घातली', आणि फरक समजावून सांगितला. पेपरवाले पहिलं का लिहितात ते मला त्यांना सांगावं लागलं नाही.

आता दुसरी बाजू, जी ऐकून माझी हवा गेली. वर्गात एक ४६ वर्षांची बाई होती, रात्रपाळीला वृद्धाश्रमात काम, सकाळी थेट माझ्या वर्गात, पहिल्या बाकावर, तीन रंगांचे हायलायटर मांडून. सगळे मला नावानं नाहीतर मिस म्हणायचे, ती एकटी प्रोफेसर म्हणायची. पाचव्या-सहाव्या आठवड्यात ती तासानंतर थांबली. म्हणाली, प्रोफेसर, माझ्या घरी जे बोलतात ते मला येतं. त्याचे पैसे मी का भरू?

मी काहीतरी बोलले, सन्मान, ओळख वगैरे. ती ऐकून घेऊन म्हणाली की सुपरवायझरच्या जागेसाठी तिनं दोनदा अर्ज केला, दोनदा परत आला. मला तो अर्ज लिहायला शिकवा, बाकी माझं मी बघते.

लिसा डेल्पिट या ब्लॅक शिक्षणतज्ज्ञ बाईंनी १९८८ मध्ये हेच लिहिलं होतं, की सत्तेची भाषा ज्यांच्या घरात आयती असते त्या उदार शिक्षकांना ती शिकवणं जुलमी वाटतं, आणि ज्यांच्या घरात नसते ते पालक म्हणतात आधी शिकवा तर खरं. नंतरची पिढी, एप्रिल बेकर-बेलसारखे लोक, म्हणतात की घरी हे आणि ऑफिसात ते अशी वाटणी शिकवली तरी पोराला कळायचं ते कळतंच, की घरचं ते कमी. मला दोन्ही वाचताना पटतं. शिक्षणतज्ज्ञ ग्लोरिया लॅडसन-बिलिंग्ज, जिच्यामुळे १९९५ च्या आसपास मुलांची संस्कृती धरून शिकवायचा हा सगळा विचार नावारूपाला आला, तिनं तर पहिली अट अभ्यासातलं यश हीच ठेवली होती, संस्कृती दुसरी. ते नेमकं विसरून लोक वर्गात ढोल वाजवतात.

शेवटी मी एक असाइनमेंट काढली, एकच मजकूर तीन जणांना लिहायचा, घरच्याला, ऑफिसला आणि वर्गाला, आणि मग प्रत्येक वेळी काय गळालं ते लिहायचं. त्या बाईंनी रात्रपाळी बदलून मिळावी हा विषय घेतला. मुलीसाठी फ्रिजवर लावायची चिठ्ठी दोन ओळींची, ऑफिसचं पत्र पानभर, वर्गासाठीचं दीड पान, आणि मजकूर तोच. वाचून दाखवलं तेव्हा वर्ग हसला, त्या स्वतःही हसल्या. काय गळालं याखाली त्यांनी लिहिलं होतं, ऑफिसच्या पत्रात मी दमलेली दिसत नाही. ते पत्र उत्तम होतं, एक कॉमा इकडचा तिकडे नाही. मी ते तीनदा वाचलं.

इथल्या मराठी लोकांत हे सांगायची सोय नाही. गणपतीला मंडळात एक काकू म्हणाल्या, तिकडे शिकवतेस? सेफ आहे ना गं? जोतीरावांनी १८७३ मध्ये 'गुलामगिरी' अमेरिकेतल्या ज्या लोकांनी गुलामांना मोकळं केलं त्यांना अर्पण केली, बाबासाहेबांनी १९४६ मध्ये डब्ल्यू. ई. बी. ड्यू बॉइस या अमेरिकेतल्या ब्लॅक विचारवंतांना पत्र लिहिलं, १९७२ ला मुंबईत दलित पँथर निघाली ती इथल्या ब्लॅक पँथर संघटनेचं नाव घेऊन, आणि आपण इथे प्रसादाची प्लेट हातात धरून सेफ आहे का विचारतो. मी काकूंना यातलं काहीच बोलले नाही, हो हो सेफ आहे म्हटलं आणि शिरा घेतला. वर्गात मात्र सांगितलं. पोरांनी लगेच फोन काढून शोधलं, आणि त्या आजीवाल्या मुलीनं विचारलं, जोतीराव कुठल्या भाषेत लिहायचे, म्हणजे घरच्या की ऑफिसच्या? मी म्हटलं घरच्या, आणि त्यावरून त्यांनाही लोकांनी अशुद्ध म्हणून झोडलं होतं. ती म्हणाली, फिगर्स. म्हणजे वाटलंच होतं.

तिचा निबंध मी परत मागितला होता. तिच्याकडे नव्हता, फेकला म्हणाली. मग तिनं शेवटच्या पोर्टफोलिओसाठी तो आठवून नवा लिहिला, आजी यावेळी जरा जास्त तिखट झालीये, 'बी' मोजून ९.

पुढच्या सेमिस्टरचा अभ्यासक्रम सोमवारपर्यंत द्यायचाय. गुणांच्या तक्त्यात डिपार्टमेंटनं दिलेली एक ओळ आहे, 'भाषेची शुद्धता, २० गुण'. ती पूर्ण काढली तर वर जाऊन उत्तर द्यावं लागेल, ठेवली तर त्या ९ जागांचं काय करायचं ते ठरवावं लागेल, आणि पहिल्या बाकावरच्या बाईंना ते २० हवेच आहेत, त्यांनी ते मेहनतीनं कमावलेत. दोन रात्री झाल्या. सध्या तिथे १० लिहून पिवळं करून ठेवलंय.